मांडवीकाठची निळी इमारत आणि गाठोड्यातली पिठी

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूने मांडवीच्या काठाकाठाने चालू लागलं की निळ्या रंगाची एक दुमजली इमारत लागते. बहुतेक पर्यटक तिच्यासमोरून निघून जातात, कारण समोर नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी नजर ओढून घेतात. पोर्तुगीज अमदानीत या इमारतीला ‘आल्फांदेगा’ म्हणत, म्हणजे जकातीची कचेरी. चारशेहून जास्त वर्षं ती या काठावर उभी आहे. २००१ साली तिथे सीमाशुल्क खात्याचं संग्रहालय सुरू झालं आणि ११ जून २०२२ रोजी तेच संग्रहालय नव्या रूपात, ‘धरोहर’ या नावाने, केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांच्या हस्ते देशाला अर्पण झालं. सीमाशुल्क आणि जीएसटी यांचं हे राष्ट्रीय संग्रहालय. आठ दालनं आहेत. गोव्याला जाणाऱ्या प्रत्येकाने तिथे दोन तास काढावेत असं मला मनापासून वाटतं, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

माझी आजी सिंधुदुर्गातल्या बांद्याची सून, माहेर गोव्यातल्या पेडण्याचं. मधे पत्रादेवी. आज एसटीत डोळा लागेपर्यंत ही हद्द मागे पडते. पण १९६१ पर्यंत तिथे दोन देशांची सीमा होती, आणि १९५४-५५ पासून तर भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती. आजी सांगायची, “माहेराक जाताना गाठोडा सोडून दाखवूक लागायचा.” गाठोड्यात असून असून काय असणार? कुळथाची पिठी, पोहे, येताना आईने बांधून दिलेलं काहीबाही. हद्दीच्या दोन्ही बाजूंना तेच देव, तेच सण, नात्यातली माणसं, आणि मधे बाक टाकून बसलेला शिपाई. लहानपणी मी तिला विचारायचो, पिठीत तो काय शोधायचा? तिला उत्तर देता यायचं नाही. त्या संग्रहालयात हिंडताना मला ते तुकड्यातुकड्याने सापडत गेलं.

नाक्यावरचा माणूस तीन गोष्टी बघतो

कस्टम म्हटलं की आपल्याला विमानतळावरचा लाल आणि हिरवा मार्ग आठवतो. आधी एक घोळ दूर करू. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारतो तो कस्टमवाला नव्हे. तो इमिग्रेशनचा, गृहखात्याच्या अखत्यारीतला. तो माणूस तपासतो. बॅगा फिरत्या पट्ट्यावरून घेतल्यानंतर भेटतो तो कस्टमचा, अर्थखात्याचा. तो सामान तपासतो. सीमेवर बंदूक घेऊन उभे असतात ते सीमा सुरक्षा दलाचे, समुद्रात तटरक्षक दल. आपण सगळ्यांना मिळून ‘सीमेवरची तपासणी’ म्हणतो, पण प्रत्येकाचं काम वेगळं आणि कायदेही वेगळे.

आता कस्टमचं काम काय? याचं सगळ्यात नेटकं उत्तर मला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडलं. तिथे ‘शुल्काध्यक्ष’ नावाचा अधिकारी आहे. त्याने नगराच्या मोठ्या दरवाजाजवळ शुल्कशाळा उभारायची, तिच्यावर ध्वज लावायचा आणि चार-पाच कारकुनांनी येणाऱ्या व्यापाऱ्यांची नोंद करायची: कोण, कुठून आला, माल किती, मालावर शिक्का कुठे उमटवून घेतला. शिक्का नसेल तर दुप्पट शुल्क, खोटा शिक्का असेल तर आठपट दंड. आणि त्याच भागात एक श्लोक येतो. त्याचा आशय असा की, राष्ट्राला पीडा देणारा आणि निरुपयोगी माल बंद करावा, आणि फार उपकारक माल व दुर्मीळ बियाणं शुल्क न घेता आत येऊ द्यावं.

आजचा सीमाशुल्क कायदा, १९६२ चा, शेकडो कलमांचा आणि अधिसूचनांचा असला तरी त्याच्या तळाशी हेच तीन प्रश्न आहेत. या मालावर सरकारला पैसा मिळायला हवा का? हा माल आत आला तर इथल्या माणसाचा धंदा बसेल का? आणि हा माल मुळात आत किंवा बाहेर जाऊ द्यावा का? महसूल, संरक्षण आणि बंदी. कुठल्याही काळातला, कुठल्याही राजवटीतला नाका घ्या, त्याची वागणूक या तिघांपैकी कशाला तरी धरून असते. फक्त कोणत्या वस्तूला कोणता प्रश्न लावायचा, हे बदलत राहतं, आणि त्या बदलातच खरा इतिहास दडलेला आहे.

आपल्या भाषेत या सगळ्या राजवटींचे ठसे आहेत. ‘शुल्क’ संस्कृतातून आलं, ‘जकात’ अरबीतून. पोर्तुगीजांचा ‘आल्फांदेगा’सुद्धा मूळ अरबी ‘अल-फुंदुक’, म्हणजे व्यापाऱ्यांची उतरण्याची आणि माल ठेवण्याची जागा. इंग्रजांच्या ‘कस्टम’चा अर्थ आहे चालत आलेली रीत, म्हणजे रीत म्हणून द्यायचं देणं. आपल्याकडे जुन्या कागदांत ‘दस्तुरी’ हा शब्द येतो, तोही नेमका तसाच बनलाय, दस्तुरावरून. पुण्या-मुंबईच्या माणसाला मात्र जुन्नरजवळचा नाणेघाट आठवला पाहिजे. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला भलामोठा रांजण आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांतून वर येणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं परंपरेने सांगितलं जातं.

मिठाची गोष्ट

कस्टम समजून घ्यायला सोन्यापेक्षा मीठ जास्त उपयोगी पडतं. संग्रहालयातल्या एका दालनाचा विषयच मिठाच्या करापासून जीएसटीपर्यंतचा प्रवास असा आहे. कर हा विषय तिथे ज्या सहजतेने उलगडतो, तसा तो मला शाळेत कुणी शिकवला नव्हता.

सुरुवात आपल्या घरापासून करू. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला एक पत्र पाठवलं. अडचण अशी होती की बारदेशात, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखात, मीठ स्वस्त मिळायचं. व्यापारी तिकडून मीठ उचलू लागले की संगमेश्वरच्या बाजूला तयार होणारं मीठ पडून राहणार. महाराजांनी सांगितलं, बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, इतकी की जकातीसकट ते मीठ संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडलं पाहिजे. अर्थशास्त्राची पुस्तकं याला संरक्षक आयातशुल्क म्हणतात आणि युरोपातली उदाहरणं देतात. आमच्या कुडाळच्या सुभ्यात ते साडेतीनशे वर्षांपूर्वी मिठावर लागलं होतं. यात खजिना भरणं हा मुख्य हेतू नव्हता. ते मीठ आलंच नाही, जकातीचा एक रुपया जमला नाही, तरी पत्राचं काम फत्ते. शुल्काचा दुसरा प्रश्न तो हाच.

समुद्रावर त्याच्याही आधीपासून वेगळा खेळ चालू होता. १५१० मध्ये गोवा घेण्याच्या आधीपासूनच पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचे परवाने काढले होते. अरबी समुद्रात व्यापार करायचा तर त्यांचा कार्ताझ घ्या आणि त्यांच्या बंदरात शुल्क भरा, नाहीतर जहाज जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी मराठ्यांची ‘दस्तकं’ सक्तीची केली तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हटलं. परवाना देणं आणि परवाना नसलेल्याला अडवणं, हे जो करू शकतो त्याचा तो समुद्र, एवढाच त्याचा अर्थ होता. कान्होजींनी तो बरोबर ओळखला होता.

आता इंग्रजांकडे येऊ, कारण इथे गोष्ट विलक्षण वळण घेते. बंगालमध्ये इंग्रजांनी मिठावर भारी कर बसवला. राजपुतान्यातल्या सांभर सरोवरासारख्या ठिकाणी मीठ स्वस्त. मग लोक स्वस्त मीठ आत आणणार, हे ठरलेलंच. ते अडवायला इंग्रजांनी हिंदुस्थानच्या पोटातून जकातीची एक रेषा आखली आणि तिच्यावर चक्क कुंपण लावलं, जिवंत काटेरी कुंपण. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर, जे जिथे जगेल ते. १८६९ च्या सुमारास ही जकातरेषा सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसं पहाऱ्याला होती. कुंपणाचा पट्टा पंजाबातून थेट आपल्या ओळखीच्या बऱ्हाणपूरपर्यंत येत होता. ते कुंपण दाट व्हावं म्हणून झटणारा एक अधिकारी होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हाच माणूस पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढे होता.

कल्पना करा, गरीब माणसाच्या तोंडचं चिमूटभर मीठ अडवायला अर्ध्या देशभर काटे पेरले होते. आजही ते वाचताना माझ्या पोटात तुटतं.

१८७९ मध्ये ही रेषा इंग्रजांनी स्वतःच मोडली. दयेपोटी मोडली नाही. त्यांनी सांभर आणि इतर मिठागरं भाड्याने ताब्यात घेतली आणि कर सीमेवर घेण्याऐवजी मीठ जिथे तयार होतं तिथेच घ्यायला सुरुवात केली. कस्टम आणि एक्साइज यांतला फरक तो हाच. माल हद्द ओलांडताना घेतात ते सीमाशुल्क, माल तयार होताना घेतात ते उत्पादन शुल्क. एकदा उगमावर हात ठेवला की वाटेवर पहारा लागत नाही.

गोवा मात्र या पकडीच्या बाहेर होता. तिथली मिठागरं पोर्तुगीजांच्या राज्यात. म्हणून १८७८ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. दोन्ही मुलखांत एकच जकातीचे दर, मधली जकात रद्द, आणि गोव्यातल्या मीठ उत्पादनावर इंग्रजांचं नियंत्रण. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये. कागदावर हा मुक्त व्यापार. गोव्याच्या मिठागरांना मात्र तो जड गेला. १८९२ मध्ये तह संपला, पत्रादेवीसारख्या वाटांवर जकात परत आली. आजीच्या गाठोड्याची गाठ सुटायची ती याच लांबलचक साखळीच्या एका कडीवर, हे मला फार उशिरा कळलं.

मिठाचा शेवट आपल्याला माहीत आहे. १९३० मध्ये दांडी, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह. शिरोडा गोव्याच्या हद्दीला खेटून आहे. १९४७ मध्ये मिठाचा कर गेला. पण कायद्याच्या नावात मीठ बराच काळ शिल्लक राहिलं. ‘केंद्रीय उत्पादन शुल्क व मीठ कायदा, १९४४’ यातलं ‘मीठ’ १९९६ मध्ये वगळलं गेलं.

एक किलो सोनं आणि त्यामागचा हिशेब

संग्रहालयात तस्कर आणि कस्टम अधिकारी यांच्यातल्या बुद्धीच्या झुंजीवर एक दालन आहे. मुलं तिथून हलत नाहीत. पोकळ टाचा, दुहेरी तळाच्या बॅगा, आतून कोरलेली पुस्तकं, गाडीच्या टाकीत टाकी, हे सगळे तस्करीच्या धंद्यातले जुने प्रकार. बघायला गंमत वाटते, पण त्यामागचं गणित समजलं तर जास्त कळतं.

हिशेबासाठी धरा, एक किलो सोनं एक कोटी रुपयांना पडतं. आयातशुल्क १५ टक्के असेल तर रीतसर आणणाऱ्याला वर १५ लाख भरावे लागतात. लपवून आणणाऱ्याचे ते १५ लाख वाचतात, आणि त्यातूनच तो आणणाऱ्याची मजुरी, पकडला जाण्याचा धोका आणि स्वतःचा नफा भागवतो. म्हणजे तस्करीचा पगार सरकारने ठरवलेल्या दरातून निघतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं. त्याच किलोमागे वाचणारे पैसे १५ लाखांवरून ६ लाखांवर आले. धोका तेवढाच, मिळकत निम्म्याहून कमी. दर फार चढवला की चोरवाट रुंद होते, आणि उतरवला की सरकारचा महसूल घटतो व डॉलर बाहेर जातात. अर्थखात्याला दर वर्षी या दोरीवरून चालावं लागतं.

दर न लावता सरळ बंदीच घातली तर काय होतं, तेही आपण भोगलंय. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे दागिने घडवायला मनाई झाली. चीनबरोबरच्या युद्धानंतर परकीय चलन वाचवणं हा हेतू. आपल्याकडच्या पेढ्या आणि भट्टीवर बसणारे सोनार यांची त्या काळात जी दैना झाली, ती अजून घराघरांत सांगितली जाते. लोकांची सोन्याची हौस मात्र कायद्याने कमी झाली नाही, ती कोकण किनाऱ्यावरून रात्री उतरू लागली. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. त्या दशकांत घड्याळं, ट्रान्झिस्टर, परदेशी कापड हेसुद्धा असंच लपूनछपून यायचं. आज ते दुकानात रांगेने मिळतं, आणि म्हणून कुणी लपवून आणत नाही. संग्रहालयात जप्त घड्याळाकडे बघताना हे लक्षात ठेवा. त्या घड्याळाला मुद्देमाल केलं ते त्या वर्षीच्या यादीने.

पण एक गोष्ट इथे ठामपणे सांगितली पाहिजे. चोरवाट निव्वळ सोन्याची राहत नाही. १९९३ च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला स्फोटकं आणि शस्त्रं उतरली. सोन्या-चांदीच्या चोरट्या मालाने वर्षानुवर्षं मळलेल्या किनाऱ्यावरच ती उतरली. १२ मार्च १९९३ ला मुंबईत २५७ माणसं गेली. खटल्यात कस्टमच्या काही अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. नाक्यावरच्या माणसाने एकदा “चांदीच तर आहे” म्हणून डोळे मिटले की पुढच्या खेपेला पोत्यात काय असेल, ते त्याच्या हातात राहत नाही.

कंटेनर आला की काय होतं

रोजच्या व्यवहारात कस्टम म्हणजे पाठलाग नव्हे, कागदपत्रं. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात कंटेनर येतो. आयात करणारा ‘बिल ऑफ एंट्री’ भरतो, आता संगणकावरूनच. त्यात मुख्यतः तीन गोष्टी ठरतात: माल कोणत्या वर्गात बसतो, त्याची खरी किंमत काय आणि तो कुठल्या देशातून आला.

वर्गासाठी जगभर एकच क्रमांकपद्धती आहे, १९८८ पासून लागू. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे, भारत पुढे दोन जोडतो. मीठ २५०१ मध्ये येतं, सोनं ७१०८ मध्ये, काजू ०८०१ मध्ये, शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तू ९७०६ मध्ये. माणसाने बनवलेली आणि निसर्गात उगवलेली प्रत्येक वस्तू या यादीत कुठेतरी बसवावी लागते, आणि कुठे बसवायची यावर वर्षानुवर्षं खटले चालतात, कारण रकान्यागणिक दर बदलतो.

आता पैसे. समजा १०० रुपयांचं यंत्र आहे आणि मूळ सीमाशुल्क १० टक्के. झाले १० रुपये. या १० रुपयांवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १ रुपया. आता १११ रुपयांवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, १९ रुपये ९८ पैसे. एकूण भरायचे ३० रुपये ९८ पैसे. लोक म्हणतात, दहा टक्के सांगून एकतीस घेतले. पण आयजीएसटीचा भाग वेगळा आहे. पुण्यात तयार झालेल्या तशाच यंत्रावरही जीएसटी आहेच, त्यामुळे बाहेरच्या मालाला मोकळं सोडलं तर पुण्याचा कारखानदार मागे पडेल. शिवाय नोंदणीकृत उद्योजकाला तो कर पुढे वळता करून घेता येतो. खऱ्या अर्थाने सीमेचा कर म्हणाल तर ते अकरा रुपये.

प्रत्येक कंटेनर उघडत नाहीत. तसं केलं तर बंदर तुंबून जाईल. माल कुठला, कुणाचा, आधीचा व्यवहार कसा, हे बघून संगणक जोखीम ठरवतो आणि मोजकेच कंटेनर तपासणीला काढतो. विमानतळावरचा हिरवा मार्गही याच विश्वासावर चालतो: तुम्ही सांगताय ते खरं धरलं आहे.

बाहेर जाणारं

इतका वेळ आत येणाऱ्या मालाबद्दल बोललो. मला स्वतःला संग्रहालयात सगळ्यात जास्त थांबवलं ते बाहेर जाऊ पाहणाऱ्या वस्तूंनी.

तिथे ‘आईन-ए-अकबरी’चं एक हस्तलिखित आहे. अबुल फजलने लिहिलेला हा ग्रंथ म्हणजे अकबराच्या कारभाराची वही: टाकसाळ, घोडे, स्वयंपाकघर, जमिनीची मोजणी, सगळं त्यात. आणि त्यात बंदरांच्या जकातीचाही उल्लेख आहे. बादशहाने ती इतकी उतरवली, की ती कधी अडीच टक्क्यांच्या वर जात नाही आणि व्यापाऱ्यांना ती माफ झाल्यासारखीच वाटते, असं अबुल फजल लिहितो. जकातीचे दर सांगणारा ग्रंथ जकातीच्या कचेरीत येऊन विसावलाय, आणि तो इथे आहे म्हणूनच आपल्याला बघता येतो. बाहेर गेला असता तर कुणाच्या तरी खाजगी कपाटात बंद झाला असता.

दुसरी वस्तू म्हणजे कुरुक्षेत्राजवळच्या अमीन गावच्या खांबांची प्रतिकृती. मूळ खांब प्राचीन, वालुकाश्मातले, कोरीव. त्यांची कहाणी सर्वोच्च न्यायालयाच्या १९७९ च्या एका निकालात आहे. १९६७ मध्ये ते गावातल्या देवळातून चोरीला गेले. पोलिसांनी शोधून काढले. खटला चालू असताना एका माणसाने कोर्टात अर्ज केला, मला या खांबांचा अभ्यास करायचा आहे, काही दिवस ताब्यात द्या. कोर्टाने जातमुचलक्यावर दिले. त्याने मुदतीत ते परत आणून दिले. पुढे कळलं की परत आले ते नकली होते, आणि अस्सल खांब लंडनला पोचले होते. त्या वेळी आंतरराष्ट्रीय बाजारात त्यांची किंमत सुमारे पाच लाख डॉलर धरली होती. हुबेहूब नक्कल घडवणारे हात याच देशातले. कुणीतरी छिन्नी घेऊन बसला असेल, दगडाचा रंग जुळवला असेल, झीजसुद्धा कोरली असेल. ती कारागिरी मनातून जात नाही. अखेर मूळ खांब देशात परत आले.

अशा चोऱ्यांनंतर १९७२ चा पुराणवस्तू कायदा झाला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, पंचाहत्तर वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ते त्याच्या वाडवडिलांचं का असेना. जुन्या वाड्यातलं देवघर मोडताना पितळी समया आणि मूर्ती ‘ॲंटिक’ म्हणून कुणी घाऊक भावात मागितल्या तर हे आठवा.

प्राण्यांचंही तसंच. हस्तिदंत आणि इतर वन्यजीवांच्या जप्त वस्तू तिथे आहेत. आमच्या कोकणात खवल्या मांजर मिळतं, ज्याने आयुष्यात मुंग्या-वाळवीखेरीज कशाचं वाकडं केलं नाही. त्याच्या खवल्यांची औषधं होतात या परदेशातल्या समजुतीपायी ते रानातून उचललं जातं. जगभरात त्याच्या व्यापाराला बंदी आहे, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तरी ते पकडलं जातं, आणि बरेचदा मेल्यावरच सापडतं. इथे महसुलाचा प्रश्नच नाही. कौटिल्याकडेही शस्त्रं, धान्य, जनावरं असा काही माल बाहेर न्यायला मनाई होती; पण रानातला जीव जगावा म्हणून नाका उभा करणं, ही आपल्या काळाची भर.

देशाच्या आतल्या सीमा

शेवटचं दालन जीएसटीचं. १ जुलै २०१७ ला तो आला तेव्हा एक मोठी गोष्ट घडली, जी आता आपण विसरूनही गेलो. मुलुंड, दहिसर अशा मुंबईच्या वेशींवर जकात नाक्यांसमोर लागणाऱ्या ट्रकच्या रांगा संपल्या. मुंबईची जकात ३० जून २०१७ पर्यंत चालू होती. शहराच्या वेशीवर शुल्क घेण्याची कौटिल्यापासूनची पद्धत त्या रात्री मुंबईत थांबली. देशाच्या आत एक बाजारपेठ, आणि मालाची सीमा फक्त बंदरावर, विमानतळावर, देशाच्या हद्दीवर.

काही अपवाद ठेवून. पिण्याची दारू जीएसटीत नाही. ती राज्यांच्या हातात आहे. गोव्यात तिच्यावरचा कर कमी, महाराष्ट्रात जास्त. म्हणजे शेजारच्या मुलखात स्वस्त माल, मधे हद्द. सांभरच्या मिठाचंच गणित.

त्यामुळे पणजीहून परत येताना पत्रादेवीला कुणी गाठोडं सोडायला सांगत नसलं, तरी बांद्याच्या पुढे इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी अजून थांबवतात. मागच्या खेपेला रात्री आठला आम्ही तिथे होतो. पाऊस लागला होता. रेनकोट घातलेला एक जवान खिडकीशी वाकला, बॅटरी आत फिरवली आणि म्हणाला, “डिकी उघडा जरा.” मी उतरलो. डिकीत काजू होते, जत्रेतलं खाजं होतं, आणि पेडण्याच्या मामीने आईसाठी बांधून दिलेली कुळथाची पिठी. त्याने पिशवीची गाठ सोडली, बोटाने पिठी चाचपली, गाठ पुन्हा मारली आणि म्हणाला, “जावा.”